यलोस्टोनच्या वेशीबाहेर: साध्या, स्वस्त कॅम्पग्राउंडवर राहताना

रानजाई

मे महिना लागला की या मंचावर हा प्रश्न हमखास येतो: "यलोस्टोनच्या आत राहायला काहीच मिळत नाहीये, ट्रिप रद्द करावी का?" अजिबात करू नका. अमेरिकेतल्या या पार्कच्या चारही अंगांना नॅशनल फॉरेस्ट, म्हणजे सरकारी जंगलं, आहेत: उत्तर आणि पश्चिमेला कस्टर गॅलाटिन, पूर्वेला शोशोनी, दक्षिणेला ब्रिजर-टीटन, नैर्ऋत्येला कॅरिबू-टार्घी. या सगळ्यांत, ती जंगलं सांभाळणाऱ्या फॉरेस्ट सर्व्हिसची साधी कॅम्पग्राउंड्स आहेत. मी आता मुद्दाम तिथेच राहते. आतल्या मोठ्या कॅम्पग्राउंडवर शेजाऱ्याच्या तंबूतलं घोरणं ऐकू येतं. इथे दोन साइट्सच्या मध्ये निदान झाडं तरी असतात. पैसे वाचतात ते वेगळेच.

पण साधं म्हणजे किती साधं, हे नीट समजून गेलं पाहिजे. एक सपाट जागा, एक जड लाकडी टेबल, शेकोटीसाठी लोखंडी कडं, बऱ्याच ठिकाणी अस्वलापासून अन्न सांभाळायची लोखंडी पेटी आणि थोड्या अंतरावर टॉयलेट, एवढंच. शॉवर नाही. वीज बहुतेक ठिकाणी नाही. फोनला रेंज मिळेल असं धरून चालू नका. ऑफिस नसतं, रात्री काही लागलं तर दार ठोठवायला कुणी नसतं. त्यामुळे अंधार पडायच्या आत तुमचं सगळं लागलेलं असलं पाहिजे. माझा हा एकच नियम आहे आणि पुढे जे लिहितेय ते सगळं त्यातूनच येतं.

टॉयलेटबद्दल आधी लिहिते, कारण नवीन लोक त्यालाच सर्वात जास्त बिचकतात. सिमेंटची छोटी खोली, खाली बंद टाकी, वर सीट. फ्लश नाही, नळ नाही, दिवा नाही. मागच्या बाजूने एक जाड काळा पाइप छताच्या वर गेलेला दिसेल. तो उन्हाने तापतो, त्यातली हवा वर चढते आणि टाकीतला वास बरोबर ओढून नेते. हे नीट चालायचं तर झाकण खाली आणि दार बंद हवं. कोणी दार सताड उघडं टाकून गेलं की पुढच्याला त्रास होतो, म्हणून मुलांना ही सवय पहिल्याच दिवशी लावा. टाकीत कागदाशिवाय काही टाकायचं नाही. ओले वाइप्स, डायपर, कचऱ्याच्या पिशव्या पंपाच्या नळीत अडकतात आणि त्या हाताने काढाव्या लागतात. कुणीतरी माणूसच काढतो त्या.

पैसे भरायची पद्धत अनेक ठिकाणी जुनीच आहे. आत शिरताना फळ्याजवळ पाकिटं ठेवलेली असतात. एक घ्यायचं, त्यावर साइट नंबर, गाडीचा नंबर आणि किती रात्री ते लिहायचं, पैसे आत घालून पाकीट लोखंडी खांबाच्या फटीत टाकायचं आणि फाडलेली पावती आपल्या साइटच्या खांबाला लावायची. सुटे डॉलर जवळ ठेवा, तिथे मोड देणारं कोणी नसतं. पेनही ठेवा.

जागा दोन प्रकारे मिळते. काही कॅम्पग्राउंड्सचं बुकिंग रिक्रिएशन.गव्ह या सरकारी वेबसाइटवर बहुतेक सहा महिने आधी खुलं होतं. बाकीची, जो आधी येईल त्याची. या दुसऱ्या प्रकारात माझा अनुभव असा की दुपारी पार्क बघून संध्याकाळी जागा शोधायला जाणं म्हणजे मोठा धोका पत्करणं. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला लोक निघायच्या तयारीत असतात, तेव्हा तिथे पोचा, शांतपणे विचारा, जागा धरा, पैसे भरा आणि मग पार्कमध्ये जा. तो अर्धा दिवस वाया गेला असं समजू नका. त्यात तंबू ठोकून होतो, पाणी भरून होतं.

आता थंडी. पश्चिम दरवाजाजवळचं वेस्ट यलोस्टोन गावच ६,६०० फुटांच्या वर आहे, ईशान्य दरवाजाबाहेरचं कुक सिटी त्याहून उंच. दुपारी हाफ बाह्यांचा शर्ट पुरतो आणि त्याच दिवशी पहाटे पारा ३२ फॅरनहाइटच्या (शून्य सेल्सिअसच्या) आसपास येतो, जुलैतसुद्धा. स्लीपिंग बॅगवर दोन आकडे असतात, कम्फर्ट (ज्या थंडीत आरामात झोप लागते) आणि लोअर लिमिट (ज्या थंडीत जेमतेम निभावतं). दुकानात मोठ्या अक्षरात बहुधा दुसराच लिहिलेला असतो, तुम्ही पहिला बघा. आणि बॅगेइतकंच महत्त्व खालच्या मॅटला द्या. पाठीखाली बॅग चेपली जाते, तिच्यात हवा उरत नाही आणि जमीन रात्रभर अंगातली ऊब खेचत राहते. मॅटचा आर-व्हॅल्यू, म्हणजे थंडी अडवायच्या ताकदीचा आकडा, चारच्या आसपास असेल तर झोप लागते. जाड, फुगवायची घरगुती गादी मऊ असते, पण तिच्या आतली हवा गार होते आणि आपण वर कुडकुडतो.

अस्वलांबद्दल प्रतिसादांत लिहीनच, त्यावर बरेच प्रश्न येणार हे माहीत आहे.

कातळ

फार उपयोगी लिहिलंय, वाचनखूण साठवली. पार्कच्या वार्षिक पासमध्ये या कॅम्पग्राउंडची फी येते का?

रानजाई

नाही. तो पास प्रवेश फीसाठी. रात्रीची फी वेगळी. मात्र सीनियर पास किंवा कायमचं अपंगत्व असलेल्यांसाठीचा अ‍ॅक्सेस पास असेल तर फॉरेस्ट सर्व्हिसच्या बऱ्याच कॅम्पग्राउंडवर निम्मी सूट मिळते. आईवडील तिथले नागरिक किंवा कायमचे रहिवासी असतील आणि वयाची ६२ वर्षं पूर्ण असतील तर सीनियर पास पाहा.

चांदणवेल

ताई, आम्हाला ऑगस्टमध्ये जायचंय. मुलं लहान आहेत, एक चार वर्षांचा, एक सात वर्षांची. नवऱ्याचा उत्साह दांडगा आहे, पण मला ग्रिझली अस्वलांच्या मुलखात तंबूत झोपायची खरंच भीती वाटते. ही भीती अवाजवी आहे का?

रानजाई

अवाजवी अजिबात नाही. पण घाबरून जागं राहण्यापेक्षा तिचा उपयोग करून घ्या. अस्वल तंबूजवळ येतं ते बहुतेक वेळा वासामुळे. यलोस्टोनमध्ये कचऱ्याचे उघडे ढीग होते, अस्वलं तिथे चरायला यायची आणि लोक बघायला जमायचे. ते ढीग १९७० च्या सुमाराला बंद केले. तेव्हापासूनचं सगळं धोरण एकाच गोष्टीवर उभं आहे: अस्वलाला माणसाचं अन्न मिळताच कामा नये. एकदा चव लागली की ते परत परत येतं आणि शेवटी त्या अस्वलालाच मारावं लागतं.

म्हणून आजूबाजूच्या फॉरेस्टमध्येही अन्न बंदिस्त ठेवायचा कायदेशीर आदेश असतो, बऱ्याच भागात १ मार्च ते १ डिसेंबर. अन्न म्हणजे फक्त जेवण नाही. कूलर, टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, लिप बाम, कुत्र्याचं खाणं, कचरा, रिकामा स्टोव्ह, तेलकट तवा, सगळं आलं. वापरत नसाल तेव्हा हे सगळं लोखंडी पेटीत किंवा काचा वर करून बंद केलेल्या गाडीत. पेटीचं हँडल एका लोखंडी टोपणाखाली असतं, पंजा आत जाऊ नये म्हणून. आपण हात पालथा घालून बोटांनी आतला खटका दाबायचा, मग दार उघडतं. दिवसाउजेडी दोन-तीन वेळा करून बघा, रात्री थंड बोटांनी तो पटकन सापडत नाही.

मुलांच्या बाबतीत एक खास: झोपायच्या आधी त्यांचे खिसे आणि कार सीट तपासा. चॉकलेटचा कागद, अर्धा खाल्लेला बार हमखास निघतो. ज्या कपड्यांत स्वयंपाक केला ते कपडे गाडीत, झोपायचे कपडे वेगळे. फोडणीचा वास स्वेटरला किती वेळ राहतो ते आपल्याला माहीतच आहे.

वाटाड्या

रानजाईंनी लिहिलेलं सगळं बरोबर. त्यात एक भर, आणि ही नीट वाचा. काही कॅम्पग्राउंडवर तंबूला परवानगीच नाही. कुक सिटीजवळ सोडा ब्यूट आणि कोल्टर ही दोन आहेत. जुलै २०१० मध्ये सोडा ब्यूटवर रात्री ग्रिझलीने तंबूत झोपलेल्यांवर हल्ला केला, एकाचा मृत्यू झाला, दोघं जखमी झाले. त्यानंतर तिथे फक्त कडक भिंतींच्या गाड्या, म्हणजे आत झोपायची सोय असलेल्या आरव्ही किंवा कॅम्पर. कापडी बाजूंचा पॉप-अप ट्रेलरही चालत नाही. पार्कच्या आत फिशिंग ब्रिजलाही हाच नियम आहे. पूर्वेला कोडी गावाकडून येणाऱ्या रस्त्यावरही काही कॅम्पग्राउंड्स अशीच आहेत.

नकाशावर तंबूचं चित्र दिसलं म्हणून तिथे तंबू चालतो असं धरू नका. नियम हंगामाच्या मध्येही बदलतात, अस्वलाचा वावर वाढला की तात्पुरती बंदी येते. जायच्या आदल्या आठवड्यात त्या भागाच्या रेंजर डिस्ट्रिक्ट ऑफिसला फोन करा. तिथली माणसं मनापासून सांगतात.

चांदणवेल

२०१० चं वाचून पोटात गोळाच आला. त्या लोकांचं काही चुकलं होतं का?

वाटाड्या

नाही. त्यांनी अन्न व्यवस्थित ठेवलं होतं. तशी घटना फार क्वचित घडते, पण घडते, आणि हे लपवून कुणाला तिथे पाठवणं मला पटत नाही. लहान मुलं आहेत आणि मन तयार नसेल तर कॅम्पर व्हॅन भाड्याने घ्या, कॅम्पग्राउंड तेच ठेवा. मुलांना टेबल, शेकोटी, तारे सगळं मिळेल आणि तुम्हाला झोप लागेल.

रानजाई

+१. तंबूच हवा असा हट्ट कशाला. जागा महत्त्वाची.

मृद्गंध

थोडं वेगळं विचारते, इथे बायका वाचत असतील म्हणून. पाळीच्या दिवसांत अस्वलांच्या भागात कॅम्पिंग करू नये असं मी कायम ऐकत आलेय. खरं आहे का?

रानजाई

बरं झालं विचारलंत, हे कुजबुजत विचारलं जातं आणि मग चुकीचं उत्तर पसरतं. यलोस्टोनने यावर उपलब्ध माहिती तपासली आहे आणि पाळीमुळे ग्रिझली जास्त ओढली जातात असा पुरावा त्यांना मिळालेला नाही. काळजी एवढीच: वापरलेली पॅड्स, टॅम्पॉन्स झिपच्या पिशवीत घट्ट बंद करून इतर कचऱ्याबरोबर पेटीत किंवा गाडीत. तंबूत नाही, जमिनीत पुरायची नाहीत, टॉयलेटच्या टाकीत तर मुळीच नाही. त्या दिवसांसाठी ट्रिप पुढे ढकलायची गरज नाही.

पाणपोई

पाण्याबद्दल मी लिहितो, माझा जिव्हाळ्याचा विषय.

"कॅम्पग्राउंड" या शब्दात पाणी गृहीत धरू नका. उत्तरेला गार्डिनरजवळच्या ईगल क्रीक कॅम्पग्राउंडवर पिण्याचं पाणी नाही. गावापासून कच्च्या रस्त्याने वर चढून जावं लागतं, उतारावरच्या मोजक्या जागा, सावली फारशी नाही. पण खाली गार्डिनर गाव आणि पलीकडे पार्कचे डोंगर असे समोर पसरलेले की मला ती जागा फार आवडते. तिथे मी गावातूनच पाणी भरून नेतो. माणशी दिवसाला एक गॅलन (पावणेचार लिटर) हा हिशोब, तेवढ्यात पिणं, स्वयंपाक आणि भांडी होतात, आंघोळ नाही.

जिथे पंप आहे तिथेही हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी तो गोठण्याच्या भीतीने बंद ठेवतात. पंपाखाली भांडी धुवायला बसू नका. खरकटं गाळून कचऱ्यात, आणि धुतलेलं पाणी ओढ्यात अजिबात सोडायचं नाही.

ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी त्यात जिआर्डिया हा पोट बिघडवणारा परजीवी असू शकतो. उकळायचं असेल तर ६,५०० फुटांच्या वर तीन मिनिटं खळखळून उकळा, खाली एक मिनिट पुरतं. उंचीवर पाणी कमी तापमानालाच उकळतं. ७,५०० फुटांवर साधारण १९८ फॅरनहाइटला (९२ सेल्सिअसला). म्हणून तांदूळ आणि कडधान्य उघड्या भांड्यात शिजता शिजत नाही. छोटा कुकर नेला की गॅसही कमी लागतो.

तिठा

मला सगळं वाचून आदर वाटतो, पण माझं मत वेगळं आहे. पार्क ८,९०० चौरस किलोमीटरहून मोठा आहे. आतला मुख्य गोल रस्ता, ग्रँड लूप, हाच १४२ मैलांचा, वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ४५ मैल, त्यात रस्त्यावर बायसन उभे राहिले की अर्धा-पाऊण तास तिथेच. बाहेर राहून रोज आत-बाहेर करण्यात दिवस जातो. त्यापेक्षा दोनच रात्री काढा, पण आत काढा.

रानजाई

तिठा, मुद्दा बरोबर आहे आणि तो एकाच जागी मुक्काम ठोकणाऱ्यांना पूर्ण लागू होतो. माझा उपाय असा: मुक्काम दोन दिशांना वाटून घ्यायचा. गीझर, म्हणजे गरम पाण्याची कारंजी, बघायचे तेव्हा पश्चिमेला. वेस्ट यलोस्टोनहून ओल्ड फेथफुल हा प्रसिद्ध गीझर ३० मैलांवर आहे, सकाळी सातच्या आत गेट ओलांडलं तर रस्ता मोकळा मिळतो. नंतर मुक्काम हलवायचा ईशान्येला किंवा उत्तरेला, लामार खोऱ्यासाठी. लांडगे, अस्वलं बघायची ती पहाटे आणि संध्याकाळी, आणि ईशान्य दरवाजाच्या बाहेर राहणारा माणूस लामारला आतल्या कित्येक कॅम्पग्राउंडवाल्यांच्या आधी पोचतो. आत राहणं म्हणजे जवळ राहणं असं दरवेळी नसतं. पार्कच्या दक्षिण भागातल्या ग्रँट व्हिलेजला राहून लामार गाठायला किती वेळ लागतो ते नकाशावर बघा.

तिठा

लामारबद्दल मान्य. असा विचार केला नव्हता.

वाटाड्या

जागा निवडताना वर बघायची सवय लावा. तिथलं जंगल मुख्यतः लॉजपोल पाइनचं, मुळं उथळ. १९८८ च्या आगींत पार्कचा सुमारे ३६ टक्के भाग पोळला, वाळलेली खोडं अजूनही ठिकठिकाणी उभी आहेत, आणि किड्यांनी मेलेली झाडं वेगळी. दुपारनंतर वादळी वारा सुटतो. मेलेलं झाड ज्या दिशेला झुकलंय तिथे तंबू नको.

आणि पार्कच्या पश्चिमेला हेबगेन तळ्याच्या बाजूला राहणार असाल तर क्वेक लेक जरूर बघा. १७ ऑगस्ट १९५९ च्या रात्री भूकंपाने डोंगराचा कडा मॅडिसन नदीच्या खोऱ्यात कोसळला, खाली कॅम्प करून झोपलेली माणसं गाडली गेली. त्या भूकंपात एकूण २८ जण गेले. नदी अडून तळं झालं. पाण्यात उभे असलेले वठलेले वृक्ष बघून मी बराच वेळ तिथून हललो नव्हतो.

कातळ

शेकोटीचं सांगा. घरून लाकडं नेली तर चालतील का? गॅरेजमध्ये भरपूर आहेत.

पाणपोई

कृपा करून नेऊ नका. लाकडातून कीड प्रवास करते. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडलेला झाडं पोखरणारा किडा एमराल्ड अ‍ॅश बोरर सरपणातूनच लांबवर पसरला आणि अ‍ॅशची कोट्यवधी झाडं गेली. जिथे जाळायचं तिथलंच विकत घ्यायचं.

ऑगस्टमध्ये शेकोटीवर बंदीही असू शकते, बंदीचे टप्पे असतात आणि कडक टप्प्यात कॅम्पग्राउंडच्या कड्यातही आग चालत नाही. बटणाने बंद होणारा गॅस स्टोव्ह सहसा चालतो, म्हणून जेवण कधीही शेकोटीच्या भरवशावर ठेवू नका. विझवताना पाणी ओता, ढवळा, परत ओता, मग हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघा. उष्ण लागलं तर विझलेली नाही.

रानजाई

यातच जोडते: कितीही थंडी असो, तंबूत किंवा गाडीत कोळसा, स्टोव्ह, गॅस हीटर पेटवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत काही कळत नाही. ऊब हवी तर झोपताना घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून ती मोज्यात घालून पायाशी ठेवा. बाटलीत नुसतं पाणीच हवं, सरबत नको. वासाचं कारण वर लिहिलंच आहे.

मृद्गंध

बेअर स्प्रे, अस्वलावर मारायचा तो मिरचीचा फवारा, न्यायचा ना? विमानाने येतोय.

वाटाड्या

विमानात नेता येत नाही, चेक-इन बॅगेतही नाही. तिथे पोचल्यावर विकत किंवा भाड्याने घ्या. पट्ट्यावर हाताशी ठेवा, सॅकच्या तळाशी नाही. तंबूवर किंवा अंगावर डासांच्या औषधासारखा मारायचा नाही, तो समोरून धावून येणाऱ्या अस्वलासाठी आहे. रात्री तंबूत कुठे ठेवलाय ते घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत हवं. उन्हात तापलेल्या गाडीत डबा ठेवू नका. आणि पुढे कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी पार्कला जाणार असाल तर तिथे तो न्यायला मनाई आहे, प्रत्येक पार्कचे नियम वेगळे.

प्राण्यांपासून ठेवायची अंतरं: अस्वल, लांडगा आणि कूगरपासून (पहाडी सिंहापासून) १०० यार्ड, बाकी मोठ्या प्राण्यांपासून २५. बायसन कॅम्पग्राउंडमध्येही चरत येतो. तो टॉयलेटच्या वाटेवर उभा असेल तर थांबा किंवा लांबून वळसा घाला.

चांदणवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. आमचं ठरलं: छोटी कॅम्पर व्हॅन, आधी पश्चिम बाजू, मग कुक सिटीकडे, आणि तिकडे कडक भिंतींचाच नियम असल्यामुळे मीही निश्चिंत. शेवटचा प्रश्न, मुलांना मध्ये एकदा तरी गरम पाण्याची आंघोळ कुठे घालता येईल?

रानजाई

छान ठरवलंत. पार्कच्या आत कॅन्यन आणि ग्रँट व्हिलेजला पैसे देऊन शॉवर घेता येतो, तिथे मुक्काम असण्याची गरज नाही. मुक्काम हलवायच्या दिवशी तुम्ही पश्चिमेकडून लामारला जाताना कॅन्यनवरून जाऊ शकता, तेव्हाच उरका. टॉवेल आणि कोरडे कपडे वेगळ्या पिशवीत अगदी वर ठेवा. आणि साबण-शॅम्पू त्या रात्री परत बंद गाडीतच राहील एवढं बघा. व्हॅनची खिडकी उघडी ठेवून झोपणार असाल तर अन्नाचा कूलर कॅम्पग्राउंडच्या लोखंडी पेटीत.